प्रतिसाद: नार्सिसा व्हिटमन, संत की घुसखोर?

वर दोन टोकांची मतं आली आहेत: एकाला नार्सिसा, म्हणजे अमेरिकेच्या वायव्येला मूळ रहिवाशांत धर्मप्रसाराला गेलेली ख्रिस्ती मिशनरी, हुतात्मा वाटते, दुसऱ्याला घुसखोर. मला ती दोन्ही वाटते.

लग्न झाल्याशिवाय अमेरिकन बोर्ड हे मिशनरी मंडळ तिला पाठवायला तयार नव्हतं. मग १८३६ मध्ये डॉ. मार्कस व्हिटमनशी लग्न केलं आणि त्याच वर्षी ४ जुलैला दुसऱ्या मिशनरी बाई एलायझा स्पॉल्डिंगसोबत रॉकी पर्वतातली साउथ पास खिंड ओलांडली. रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या बायका याच दोघी. (हे तेच अमेरिकन बोर्ड, ज्याचं काम आपल्याकडे मुंबईत १८१३ पासून आणि पुढे अहमदनगरला चालायचं.)

वाइलात्पूला, म्हणजे त्यांच्या मिशनच्या ठाण्यावर, एकुलती एक लेक, अ‍ॅलिस, दोन वर्षांची असताना नदीत बुडून गेली. १८४४ मध्ये सेगर कुटुंबाची सात अनाथ पोरं तिने पदरात घेतली. इथे माझे हात जोडले जातात. पण तिथल्या ज्या मूळ रहिवासी कायूस लोकांसाठी ती आली, त्यांच्याबद्दल मात्र मनात अढीच राहिली.

१८४७ मध्ये गोवर आला. डॉ. व्हिटमननी औषधं दिली, पण गोरी मुलं बहुतेक वाचली, कायूसांची पटापट गेली. रोगी दगावले तर वैद्याचा जीव घ्यायचा, ही त्यांची रीत. २९ नोव्हेंबरला कायूसांनी मिशनवर हल्ला केला. मारल्या गेलेल्यांत बाई नार्सिसा एकटीच.

आणि या हत्यांसाठी १८५० मध्ये ऑरेगन सिटीत पाच कायूस फाशी गेले, त्यांचा उल्लेख इथे अजून कुणीच केलेला नाही.