गोचीड तापाच्या गोळ्या चालू असताना काळूला दही द्यावं का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी कराडला राहते. आमचा काळू गावठी कुत्रा आहे, सात वर्षांचा, वजन 18 किलो. मागच्या आठवड्यात त्याने खाणं टाकलं. दारात आलं तरी शेपूट हलवेना. दवाखान्यात नेलं तर ताप 104, हिरड्या पांढुरक्या, प्लेटलेट्स उतरलेल्या. गोचीड ताप निघाला. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिक) 28 दिवसांचा कोर्स दिला आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला.

पण पाचव्या दिवसापासून शी पातळ व्हायला लागली. दिवसातून तीन-चारदा जातोय. रक्त नाही, उलटी नाही, जेवतोय बऱ्यापैकी. सासूबाई म्हणतात, दही-भात घाल, पोटाला थंडावा येईल. त्यांच्या माहेरी सगळ्या कुत्र्यांना ताक-भाकरीच असायची. मला मात्र हात धजावत नाही, कारण दुधाने त्याला आधीही ढाळ लागले होते. गोळी तोंडात घेत नाही म्हणून ती दह्यात कुस्करून द्यावी, असाही विचार आहे.

दुसरं म्हणजे आमची मनी. तिलाही दूध सोसत नाही, पण विरजणाचं भांडं उघडलं की पायात घुटमळते. तिला दिलं तर चालेल का? दही कुठलं, किती, कधी, अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

गोदाकाठ

ताई, आधी एकच सांगतो, गोळी दह्यात देऊ नका. नेमकी हीच चूक माझ्या हातून झाली आहे.

माझ्या आधीच्या कुत्रीला हाच ताप आला होता. गोळी दिसली की ती पलंगाखाली जायची, म्हणून मी गोळी पोह्याच्या चमच्याने ठेचून घट्ट दह्यात कालवायचो. ती वाटी लख्ख करायची आणि मी खूश. दहा दिवसांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट्स जवळपास होत्या तिथेच. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशातून देता?" दह्यातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून रक्तात पुरेसं जात नाही. सुधारणा रखडण्याचं तेवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून दही आणि गोळी वेगळी केली. रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, म्हणून आधी दोन घास भात-चिकन, मग उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात गोळी, वर पाणी. गोळीच्या आधी आणि नंतर निदान दोन तास दही-दूध-पनीर काही नाही.

आता दह्याचं. दूध सोसत नाही त्याचं कारण म्हणजे पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं पाचक कमी होतं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि ढाळ लागतात. विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग आंबवून टाकतात, म्हणून ज्याला दूध बाधतं त्याला थोडं दही चालून जातं. चालतंच असं नाही. सध्या पोट बिघडलेलं आहे, तेव्हा आज सुरुवात करू नका. दोन दिवस मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्या. शी बांधून आली की चहाचा एक चमचा दही देऊन दिवसभर पाहा. ठीक वाटलं तर रोज एक ते दोन मोठे चमचे, 18 किलोच्या कुत्र्याला तेवढं पुष्कळ.

दही गाईच्या दुधाचं, साय काढून लावलेलं, ताजं. म्हशीच्या सायीचं दही जड पडतं. स्निग्ध पदार्थ जास्त झाले की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, ते दुखणं फार वाईट. विकतचं फळांचं किंवा 'शुगर फ्री' दही आणू नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही जाऊ शकतं.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावत नाही, माझी आईही ताकच घालायची. पण दही हा खुराक आहे, जुलाबाचं औषध नव्हे. घरच्या विरजणात कुठले जिवाणू किती आहेत, हे सांगता येत नाही. कुत्र्यांसाठी वेगळी प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंची, पुडी मिळते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि जुलाबाने अंगातलं पाणी कमी होत नाही ना, हे कळायला रोज दोनदा ओठ वर करून हिरडीला बोट लावून पाहा. ओलसर, गुलाबी हवी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, झटकन बसली पाहिजे. हिरडी चिकट लागली, कातडी हळू बसली, शी काळी किंवा रक्ताची झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

माऊघर, म्हापसा

मनीविषयी लिहिते. माझ्याकडे पाच मांजरं आहेत, त्यांतल्या दोघी दह्याला तोंड लावत नाहीत आणि एक बोका ताटलीच सोडत नाही. मांजरांना गोड चव कळतच नाही, त्यांना दह्यातली स्निग्धता खेचते. अर्धा चहाचा चमचा, आठवड्यातून दोन-तीनदा, एवढंच मी देते. दही-भातावर मांजर ठेवू नका. टॉरिन हे मांजरांना लागणारं पोषकद्रव्य त्यांना मांस-मासळीतूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. शेजारी एका प्रेमळ शाकाहारी घरात असं मांजर आंधळं झालेलं पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते.

अंगणवाटी

आपल्या ताटातला दही-भात घालू नका, एवढंच. मीठ, फोडणी, मिरची तर आहेच, पण कोशिंबिरीतला कांदा जास्त घातक. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. काळूच्या हिरड्या आधीच पांढुरक्या आहेत.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी दह्यात कालवायची तयारी त्या दिवशी संध्याकाळी झालीच होती, तेवढ्यात गोदाकाठ काकांचं उत्तर वाचलं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, गोळी जेवणानंतर द्यायला सांगितली आणि पुडी लिहून दिली. यकृताचा तुकडा दुकानातून आणला, त्यात गोळी दडवली, गपकन गिळली.

त्याला आज चौथा दिवस. काल फक्त दोनदा गेला, आज सकाळी शी बांधून आली. सासूबाईंनी मुद्दाम गाईच्या दुधाचं वेगळं विरजण लावलंय, लहान स्टीलच्या डब्यात, साय काढून. दुपारी तीनला एक चमचा दिला. गोळी रात्री आठची आहे. मनी डब्याच्या झाकणावर बसून आहे, तिचा अर्धा चमचा उद्या. पुढच्या सोमवारी रक्त तपासायचं आहे, प्लेटलेट्स किती आल्या ते इथे लिहीन.