विषय: आई-बाबा एकटे न्यूयॉर्कला जाणार – तिकिटाचं काय करावं?

अनघा, एडिसन

नमस्कार मंडळी,

आई-बाबा एप्रिलअखेर नाशिकहून इथे न्यू जर्सीत येताहेत, पाचेक महिन्यांसाठी. मागच्या खेपेला आम्ही दोघं ऑफिसात आणि ते घरात, असे सोमवार ते शुक्रवार गेले. न्यूयॉर्क पाहिलं ते आमच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या घाईत. या वेळी त्यांनी फोनवरच सांगून टाकलंय की आम्ही दोघं आमचे जाऊ, तुम्ही फक्त तिकिटाचं समजावून द्या. पहिली फेरी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात.

घरात न्यूयॉर्कच्या सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, पूर्वीची दोन मेट्रोकार्डं आहेत, त्यात थोडे पैसेही असतील. आता ती बंद झाली म्हणे. नवऱ्याचं मत, आपला जुना फोन द्यावा आणि त्यात आपलं क्रेडिट कार्ड घालावं. भाऊ म्हणतो, भारतातलं डेबिट कार्ड टेकवलं की गेट उघडतं, वेगळं काही नको. बाबांना हातात धरता येईल असं कार्ड हवंय. अलीकडे कुणी आई-वडिलांना असं पाठवलं असेल तर कृपया लिहा.

श्रीकांत, एडिसन

अनघा,

दोघांसाठी दोन वेगळी ओम्नी कार्डं, म्हणजे सबवे-बससाठी टेकवायची नवी कार्डं, घे. एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात. बाबा बरोबर बोलताहेत.

आधी जुन्या कार्डांचं. मेट्रोकार्डाची विक्री आणि त्यात पैसे भरणं ३१ डिसेंबर २०२५ ला थांबलं. १९९४ मध्ये ते आलं, त्याने पुढे टोकन घालवलं, आणि आता ओम्नीने त्याला घालवलं. ओम्नीची सुरुवात २०१९ सालची, म्हणजे यंत्रणा रुळलेली आहे. नवीन आहे ती एवढीच गोष्ट की आता दुसरा पर्याय राहिलेला नाही. तुझ्या ड्रॉवरमधली दोन कार्डं टाकू नकोस. सबवेच्या ग्राहक सेवा केंद्रात नेलीस तर शिल्लक ओम्नी कार्डावर चढवून देतात.

ओम्नी कार्ड स्टेशनातल्या मशीनमध्ये २ डॉलरला मिळतं. तिथेच नोटा किंवा कार्ड वापरून पैसे भरता येतात. मोठ्या औषधांच्या दुकानांतही ठेवतात. गेटवरच्या रीडरला ते टेकवायचं, पडद्यावर हिरवा ‘गो’ आला की दांडा ढकलून आत जायचं. बाहेर पडताना काहीही टेकवायचं नाही. पुण्या-मुंबईच्या मेट्रोत बाहेर पडतानाही तिकीट लागतं, त्यामुळे आपली ज्येष्ठ मंडळी इथे बाहेरच्या गेटशी कार्ड हातात घेऊन थबकतात. हे घरीच सांगून ठेव. जानेवारी २०२६ पासून भाडं ३ डॉलर आहे, एक स्टेशन जा नाहीतर ब्रॉन्क्सपासून कोनी आयलंडपर्यंत जा. टेकवल्यापासून दोन तासांत सबवेतून बसमध्ये, बसमधून सबवेत किंवा एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये एकदा फुकट बदलता येतं.

पाहुण्यांच्या सगळ्यात फायद्याची गोष्ट आठवड्याच्या मर्यादेची. लोकलचा पास आपण आधी काढतो आणि मग तो वसूल होईल की नाही याचा हिशेब करत बसतो. इथे पास आधी काढायचाच नाही. पहिल्यांदा टेकवलं की सात दिवसांची मोजणी सुरू होते, वार कोणताही असो. त्या सात दिवसांत सबवे आणि साध्या बसचं भाडं मिळून ३५ डॉलर झाले की पुढचे प्रवास फुकट. मनात आलं तर जा, पाय दुखले तर घरी राहा. पैसे वाया जात नाहीत.

मात्र ही मोजणी माणसाची होत नाही, कार्डाची होते. तुझं क्रेडिट कार्ड प्लास्टिकचं टेकवलंस आणि परतताना तेच फोनमधून टेकवलंस, तर यंत्रणेच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डं आहेत, कारण फोन स्वतःचा निराळा क्रमांक पाठवतो. घड्याळाचा आणखी निराळा. बिल एकाच खात्यावर येतं, पण मर्यादा दोन ठिकाणी विभागली जाते आणि सबवे-बसची फुकट बदलीही जाते. म्हणून ज्याने सुरुवात केली त्यानेच आठवडा पुरा करायचा.

एकाच कार्डावर दोघांना आत घेता येतं, गेट अडवत नाही. तरी मी ठामपणे नको म्हणतो. ज्याच्याकडे कार्ड नाही तो दुसऱ्याच्या मागे बांधला जातो. गर्दीत एक जण गाडीत चढला आणि दुसरा फलाटावर राहिला, तर राहिलेल्याकडे परतीचं साधन नाही. आणि समजा आईंना संग्रहालयात आणखी तासभर थांबायचंय आणि बाबांना नदीकाठी बसायचंय, तर का थांबू नये? ही माणसं तिकडे बँका, शाळा, संसार सांभाळून आली आहेत. इथे आल्यावर त्यांना प्रत्येक ठिकाणी आपल्या गाडीची वाट पाहायला लावतो ते आपण, हे शहर नव्हे. ३ डॉलरमध्ये जिथे वाटेल तिथे नेणारी व्यवस्था शेजारी असताना त्यांना ती स्वतःच्या हाताने वापरू द्यावी.

भारतातल्या डेबिट कार्डाबद्दल. तुझा भाऊ म्हणतो ते शक्य आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल आणि त्यावर टेकवून पैसे देण्याची लाटांची खूण असेल तर रीडर ते घेतो. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार भारतात नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू असतं. परदेशातले व्यवहार आणि टेकवून पैसे देणं या दोन्ही सोयी ग्राहकाने स्वतः सुरू करायच्या असतात. माझ्या मेहुण्यांचं कार्ड इथल्या गेटवर लाल झालं ते त्यामुळेच. बँकेच्या ॲपमधून सुरू करायला गेले तर ओटीपी येईना, कारण भारतातलं सिम रोमिंगशिवाय होतं. म्हणून हे काम नाशिकहून निघायच्या आधी करून घ्यायला सांग. दर व्यवहारावर परकीय चलनाचा अधिभारही लागतो. माझ्या मते ते कार्ड अडीअडचणीला जवळ ठेवावं, रोजच्या प्रवासाला नाही. आणि पाकीटच्या पाकीट रीडरवर टेकवू नये. आत दोन-तीन कार्डं असली तर भलत्याच कार्डावर पैसे पडतात.

आता गणपतीचा रस्ता. एडिसनहून मॅनहॅटनच्या पेन स्टेशनपर्यंत एनजे ट्रान्झिट, म्हणजे न्यू जर्सीची रेल्वे. तिथे ओम्नी चालत नाही, तिकीट वेगळं. ॲपमध्ये काढलं तर गाडीत बसण्याआधी ते ॲक्टिव्हेट करावं लागतं. त्यांना मशीनचं कागदी तिकीट सोपं जाईल. परतीचं तिकीट त्याच वेळी काढून ठेवावं, पण पुढच्या महिन्यांसाठी साठा करू नये, एकेरी तिकीट ३० दिवसांत संपतं.

पेन स्टेशनला उतरल्यावर आठव्या ॲव्हेन्यूच्या बाजूला सबवेची ई गाडी. टाइम्स स्क्वेअरला जाऊन ७ नंबरची गाडी पकडायची असं बरेच जण सांगतील, पण ई थेट जॅक्सन हाइट्स-रूझवेल्ट ॲव्हेन्यूला नेते आणि तिथे स्टेशनच्या आतच वर चढून ७ मिळते. पुन्हा टेकवावं लागत नाही. ७ चं शेवटचं स्टेशन फ्लशिंग-मेन स्ट्रीट, त्यामुळे कुठे उतरायचं ही चिंताच नाही. ७ उन्नत मार्गावरून जाते, क्वीन्सची घरं, दुकानांच्या पाट्या, सगळं खिडकीतून दिसतं. देऊळ मेन स्ट्रीटपासून चालत वीसेक मिनिटं, बाउन स्ट्रीटवर. पाय थकले असतील तर बस घ्यावी, दोन तासांच्या आत असेल तर तेच कार्ड टेकवून फुकट. १९७७ चं देऊळ आहे, आणि तळघरातल्या कँटीनमधला डोसा खाल्ल्याशिवाय त्यांना परत येऊ देऊ नकोस.

परतताना जॅक्सन हाइट्सला ७४ व्या रस्त्यावर भाजी, मसाले घ्यायला बाहेर पडले तर पुन्हा आत जाताना नवे ३ डॉलर लागतील, कारण सबवेतून बाहेर येऊन परत सबवेत जाणं ही फुकट बदली धरत नाहीत. तरी उतरावंच. मात्र संध्याकाळी मॅनहॅटनहून ७ ने तिथे जायची वेळ आलीच, तर जिच्यावर आकडा गोलात असतो ती ७ घ्यावी. हिऱ्याच्या आकारातली ७ जलद असते, ती ७४ व्या रस्त्याला थांबत नाही.

म्हणजे त्या दिवसाचे सबवेचे माणशी ९ डॉलर. अशा तीन दिवसांत २७ होतात, चौथ्या दिवशी संध्याकाळच्या प्रवासाला २ च कापले जातात आणि मग आठवडा संपेपर्यंत शहर मोकळं.

मृणाल, जर्सी सिटी

श्रीकांतकाका, सगळं पटलं, पण आमच्या बाजूच्या लोकांसाठी एक भर.

न्यू जर्सी ते मॅनहॅटन धावणाऱ्या पाथच्या गाड्यांना ओम्नी कार्ड चालत नाही. पाथची स्वतःची टॅप नावाची यंत्रणा आहे, तिचं कार्ड वेगळं. बँकेचं टेकवायचं कार्ड मात्र पाथलाही चालतं आणि सबवेलाही. म्हणून जर्नल स्क्वेअर, होबोकनच्या आसपास ज्यांचे आई-वडील उतरतात, त्यांना बँकेचं एकच कार्ड जास्त सोयीचं. सासूबाईंना आम्ही आमच्या खात्यावरचं त्यांच्या नावाचं जादा कार्ड काढून दिलं. ते फक्त त्याच वापरतात, त्यामुळे मर्यादेची मोजणी विस्कटत नाही, आणि खर्च रुपयांत होत नाही. विवरणपत्रात ‘एमटीए एनवायसीटी पेगो’ असं काहीतरी लिहून येतं, ते पाहून कुणी कार्ड चोरीला गेलं म्हणून बँकेला फोन करू नये. पाथमधून उतरून सबवेत गेलं की भाडं नव्याने लागतं, दोन्हींत सवलतीची बदली नाही.

आणि रूझवेल्ट आयलंडचा पाळणा विसरू नका! पूर्व नदीवरून दोरावर जातो. ओम्नी चालतं, भाडं सबवेइतकंच. सासूबाई मैत्रिणींना घेऊन दोनदा जाऊन आल्या.

वसुधा, सध्या प्लेन्सबोरो

सर्वांना नमस्कार. मी पुण्याची, मुलाकडे आले आहे. त्याने हा धागा मला वाचायला दिला म्हणून लिहिते, कारण वर सगळे मुलांच्या बाजूने लिहीत आहेत.

अनघा, आई-बाबांना पहिल्या दिवशी फक्त टेकवण्याचा सराव दे. आपल्या हातून कार्ड घाईने फिरतं आणि रीडरने वाचायच्या आत आपण ते उचलतो. क्षणभर धरून ठेवायचं, हिरवं दिसलं की मग पाऊल. मागे रांग असली की आम्हाला धास्ती वाटते, पण बाजूला सरकून पुन्हा टेकवलं तर कुणी काही म्हणत नाही. उलट एका तरुण मुलीने मला थांबून दाखवलं.

कार्ड माझ्या हातात आलं त्या दिवसापासून माझी इथली सकाळ बदलली. आधी मुलाला विचारायचे, आज वेळ आहे का रे? आता मी त्याला सांगते, आज मी उशिरा येईन. माझ्या वयाच्या बाईला हे वाक्य म्हणायला मिळणं किती मोठं आहे ते मुलांना लवकर कळत नाही.

कार्डाला मागे क्रमांक असतो, तो ओम्नीच्या संकेतस्थळावर मुलाने नोंदवून ठेवला. कार्ड हरवलं तर शिल्लक जात नाही, आणि मी किती वेळा गेले तेही त्याला दिसतं. तो ते बघत बसत नाही, असं त्याने कबूल केलंय!

स्टॅटन आयलंडच्या फेरीबोटीला तिकीटच नाही, अगदी फुकट. १ नंबरची गाडी शेवटपर्यंत, साउथ फेरी. जाताना बोटीतून उजव्या हाताला स्वातंत्र्यदेवी दिसते. परतीसाठी तिकडे उतरून पुन्हा चढावं लागतं.

अनघा, एडिसन

काकू, तुमचं पत्र आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिचा लगेच फोन आला, दोन कार्डं नक्की घे म्हणून.

एक शेवटचं. ज्येष्ठांना सवलत आहे का? बाबा ७१, आई ६७.

श्रीकांत, एडिसन

आहे, दोन्हीकडे, पण रीत वेगवेगळी. एनजे ट्रान्झिटला ६२ पूर्ण झालेल्यांना अर्ध्या किंवा त्याहून कमी भाड्यात तिकीट मिळतं. मशीनवर ज्येष्ठांचा पर्याय निवडायचा, आणि तिकीट तपासनीसाने विचारलं तर जन्मतारीख असलेलं फोटो ओळखपत्र दाखवायचं. त्याला अर्ज वगैरे काही नाही. हे पहिल्याच दिवसापासून वापरावं, कारण रोजच्या फेरीत मोठा खर्च एडिसन-पेन स्टेशनचाच आहे.

न्यूयॉर्कच्या सबवेत ६५ पूर्ण झालेल्यांना १.५० डॉलर, आणि आठवड्याची मर्यादाही निम्मी, १७.५० डॉलर. पण तिथे गेटवर वय दाखवून चालत नाही. वयाचा पुरावा जोडून आधी अर्ज करायचा, मंजूर झाला की सवलत कार्डाशी जोडली जाते. पाच महिने राहणार असतील तर आल्याआल्या अर्ज करून टाका. तोवर साधी ओम्नी कार्डं वापरावीत.

जुनी मेट्रोकार्डं शिल्लक चढवायला नेशील तेव्हा दोघांना बरोबर ने. असं एक ग्राहक सेवा केंद्र खालच्या मॅनहॅटनमध्ये स्टोन स्ट्रीटवर आहे, साउथ फेरीपासून चालत जवळ. सवलतीच्या अर्जाचं कामही तिथेच होतं. दोन्ही कामं उरकून वसुधाताईंनी सांगितलेली फेरीबोट त्याच दुपारी होईल.