एका तारेची बचत, जिन्याचा दिवा आणि पावसातला आरसीसीबी

हर्णैचा हिशोबी
जिन्यातला एक दिवा खालून-वरून दोन्हीकडून चालू-बंद व्हावा, एवढ्यासाठी वायरमन मंडळी बोर्ड ते बोर्ड दोन तारा ओढतात आणि वर तिसरी दिव्याला. 90 मीटरचं बंडल बघता बघता संपतं. ओटीवरच्या बोर्डात फेज-न्यूट्रल आहे, माडीवरच्या बोर्डातही आहे. मग दोन्ही टू-वे (तीन पिनांच्या) स्विचच्या एका बाजूच्या पिनला फेज द्या, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल, आणि दोन्ही कॉमनमधून, म्हणजे बटण ज्या पिनला कधी या तर कधी त्या बाजूला जोडतं तिच्यातून, एकेक तार थेट होल्डरला. एक कॉमन फेजवर, दुसरा न्यूट्रलवर, दिवा लागला. दोन्ही सारख्याच बाजूला, विझला. बोर्ड ते बोर्ड एकही तार नाही. यात चुकीचं काय ते पुस्तकी लोकांनी सांगावं.

देवरुखचा टेस्टर
पुस्तक बाजूला ठेवून सांगतो.

तुमच्या जोडणीत दिवा दोन प्रकारे विझतो. दोन्ही कॉमन न्यूट्रलवर, नाहीतर दोन्ही फेजवर. दुसऱ्या प्रकारात होल्डरच्या दोन्ही पिनांवर 230 व्होल्ट उभे आणि दिवा गप्प. बटण बंद केलं म्हणून माणूस निर्धास्त शिडीवर चढतो आणि दिवा बदलायला होल्डरमध्ये हात घालतो. जिन्यात शॉकने जेवढं होत नाही तेवढं शिडीवरून पडून होतं.

दुसरं, टू-वे स्विच हा एकाच फेजची वाट बदलायला असतो. तुम्ही त्याच्या पोटात काही मिलिमीटरवर फेज आणि न्यूट्रल समोरासमोर बसवलेत. आपल्याकडची खारी हवा, जून ते सप्टेंबर बोर्डात ओल, पितळी पिनांवर हिरवट थर. बटण पलटताना पडणारी ठिणगी त्या ओल्या थरावरून गेली की मध्ये दिवा नाही, काही नाही, सरळ शॉर्ट.

तिसरं, थ्री फेज कनेक्शन. ओटीवर एक फेज, माडीवर दुसरा, हे अगदी नेहमीचं. तुमची ‘विझलेली’ अवस्था म्हणजे तिथे दिव्याच्या दोन टोकांना दोन वेगळे फेज, सुमारे 400 व्होल्ट. विझवायला बटण दाबाल आणि तो जन्माचा विझेल.

चौथं, इन्व्हर्टर. ओटीचा बोर्ड महावितरणच्या लाइनवर, माडीचा इन्व्हर्टरवर. लाइट गेली आणि दोन्ही कॉमन ‘फेज’वर असले की इन्व्हर्टरचा फेज दिव्यातून उलटा ओटीच्या मेलेल्या तारेत शिरतो. लाइट नाही म्हणून कुणी तिथला बोर्ड उघडला तर तार जिवंत.

योग्य जोडणी एवढीच. फेज खालच्या स्विचच्या कॉमनला. खालच्या बाजूच्या दोन पिना वरच्या बाजूच्या दोन पिनांना, कुठली कुठे याने फरक पडत नाही. वरच्या कॉमनमधून तार होल्डरला. न्यूट्रल थेट होल्डरला, स्विचला त्याने शिवायचंही नाही. मॉड्युलर स्विचमध्ये कॉमन बहुधा मधली पिन असते, पण गृहीत धरू नका. लावण्याआधी मल्टीमीटर बझरवर ठेवून बघा. बटण कसंही पाडलं तरी ज्या दोन पिनांत कधीच वाजत नाही त्या बाजूच्या, उरलेली कॉमन. इथे चूक झाली की ‘वरचं बटण अमुक बाजूला असलं तरच खालचं चालतं’ ही तक्रार येते, आणि लोक चांगला स्विच बदलत बसतात.

पडवीवाला
पडेल, जळेल, मरेल. टेस्टरराव, कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांत हिशोबींसारखीच जोडणी आहे आणि घरं उभी आहेत. दिवा बदलताना एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा डीबीतला, म्हणजे मेन बोर्डातला खटका) पाडायचा हे शहाण्याला सांगावं लागत नाही.

आणि तुमच्या शास्त्रोक्त जोडणीचं काय? दिवा बंद केला तरी एलईडी रात्रभर मंद जळत राहते. एक मधली तार जिवंत, दुसरी अधांतरी, दोघी दहा-पंधरा मीटर एकाच पाइपातून गळ्यात गळा घालून. जिवंत तारेतून अधांतरीत थोडा करंट झिरपतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. हिशोबींच्या जोडणीत विझलेल्या दिव्याची दोन्ही टोकं एकाच तारेला बांधलेली, त्यामुळे मिणमिण नाही. हे तरी कबूल करा.

देवरुखचा टेस्टर
कबूल. शंभरातला एक मार्क दिला, पास करत नाही.

त्या मिणमिणीला औषध आहे. होल्डरपाशी फेज-न्यूट्रलच्या मध्ये, म्हणजे दिव्याला समांतर, 0.1 मायक्रोफॅरडचा 275 व्होल्ट एसीचा एक्स-टू वर्गाचा कपॅसिटर. साधा सिरॅमिक नको, तो शॉर्ट होऊन फुटतो. कपॅसिटर लावूनही मिणमिण गेली नाही तर आधी न्यूट्रल तर स्विचमधून जात नाही ना ते बघा. निम्म्या वेळा मूळ कारण तेच. आणि अशा तारांवर निऑन टेस्टरवर विसंबू नका, अधांतरी तारेवरही तो लुकलुकतो. दिव्याचा टेस्ट लॅम्प लावा, खरा फेज असेल तरच पेटेल.

गुहागर खाडीपार
मुख्य मुद्दा अजून कुणी काढलाच नाही. आता नवीन घरात खाली एक आरसीसीबी, वर एक आरसीसीबी असतो, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला, कुठे गळला, की लाइन तोडणारं यंत्र. हिशोबींच्या जोडणीत दिवा लागतो तेव्हा एका मजल्याचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल. दोन्ही आरसीसीबींना गेलेला करंट परत आलेला दिसत नाही, दोन्ही ट्रिप. 9 वॉटचा एलईडीच 40 मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढं पुरे. गंमत 5 वॉटच्या दिव्याची, त्याने कधी पडतो, कधी पडत नाही. मग लोक म्हणतात भूत आहे.

हीच गत शास्त्रोक्त जोडणीचीही होते, जर फेज खालून घेतला आणि न्यूट्रल सोयीचा म्हणून माडीच्या बोर्डातून उचलला तर. जिन्याच्या दिव्याचा फेज ज्या सर्किटचा, न्यूट्रलही त्याच सर्किटचा. दिवा कुठेही असो.

मालवणचो मीटर
आरसीसीबीचा नाव काढू नका. पावसाळ्यात तो म्हणजे डोक्याक ताप. वीज कडाडली, पडलो. पंप लावलो, पडलो. मध्यरात्री घरात काळोख आणि फ्रीजमधलो बांगडो कुजता. उठान वर करतलो कोण? त्यापेक्षा काढून टाकलेलो बरो. पुण्याच्या सुक्या हवेत शोभता तुमका.

गुहागर खाडीपार
काढून टाकलेला बरा! दर पावसाळ्यात हेच. वायरमन येतो, आरसीसीबीच्या इन-आउट पिना तारेने जोडतो, पैसे घेतो, जातो. ज्या चार महिन्यांत भिंती ओल्या, पाय ओले, गिझर चालू, नेमके तेच चार महिने घर उघडं. पंपाच्या वाइंडिंगमध्ये पाणी शिरलंय हे ते यंत्र ओरडून सांगतंय आणि आपण त्याचंच तोंड बांधतो.

पडवीवाला
भाषण सोडा. विनाकारण पडतो हेही खरं आहे. 30 चा आरसीसीबी 30 लाच पडतो असं नाही, 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर, प्रत्येकाची चिमूटभर गळती असतेच. त्यात ओल्या पाइपातल्या तारांची भर. सगळ्या घराला एकच 30 चा लावायचा आणि मग लोकांना अडाणी म्हणायचं?

गुहागर खाडीपार
इथे बरोबर बोललात, दुर्मीळ योग आहे. एकच नको. विहिरीचा पंप आणि अंगणातले दिवे यांना प्रत्येकी वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच), आतल्या घराला वेगळा. मग बाहेर पाणी शिरलं तरी फ्रीज चालू राहतो, मीटरभाऊंचा बांगडाही वाचतो. गळती मोजायला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावावा. लावताना इलेक्ट्रॉनिक वस्तू काढून ठेवा, नाहीतर त्याच मरतील. आकडा एक मेगाओमच्या खाली आला तर दोष आरसीसीबीचा नाही, तारेचा.

कुडाळ लाइनमन
अर्थिंग. सगळे विसरलात. आपली जमीन जांभा. उन्हाळ्यात अर्थ पिटची ओल गेली की 25 ओम सहज निघतो. गिझरच्या बॉडीला फेज चिकटला तर करंट 230 भागिले 25, म्हणजे 9 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला याची खबरही लागत नाही. गिझर जिवंत, पाणी जिवंत, एमसीबी वर. आरसीसीबीला मात्र 25 काय, 1000 ओम असला तरी 230 मिलिअँपिअर मिळतात, तो पडतोच. म्हणून जांभ्याच्या मुलखात आरसीसीबीची गरज जास्त, कमी नाही. वरचं वाक्य मालवणला पोचवा.

आणि तो टेस्टचं बटण दाबून ‘अर्थिंग ओके’ म्हणणारा प्रकार बंद करा. ते बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, तुमच्या अर्थला त्याचा स्पर्शही नाही.

मालवणचो मीटर
पोचला. पण सगळे एमसीबी खाली पाडले तरी आरसीसीबी वर रवत नाय, ता कशामुळे? ह्या सांगा, मग शहाणपण शिकवा.

कुडाळ लाइनमन
एमसीबी सिंगल पोल. तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय, बहुतेक बाहेरच्या दिव्यात किंवा पाइपातल्या जॉइंटला. मेन बंद करा, न्यूट्रल लिंकमधल्या (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीतल्या) तारा एकेक सोडा. प्रत्येक वेळी सुटलेली टोकं टेप लावून वेगळी ठेवा, मग मेन आणि आरसीसीबी वर करून बघा. ज्या तारेनंतर तो टिकला, तिच्या मागे जा. तारांना आधी नंबर लावा, नाहीतर परत जोडताना कुणाचा न्यूट्रल कुणाला जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून.

मालवणचो मीटर
न्यूट्रल लिंकचा सांगितलंस ता बरा. बाकी भाषण होता.

जैतापूर जिना
मंडळी, धागा दिव्याचा होता. लांब पडवीला पुढचं दार, मागचं दार आणि माजघर, तीन ठिकाणी बटण हवं असेल तर? दुकानात चार पिनांचा स्विच दाखवून ‘हाच इंटरमिजिएट’ म्हणतात.

देवरुखचा टेस्टर
बहुतेक तो डीपी (डबल पोल, दोन तारा एकदम तोडणारा) स्विच असतो. त्यालाही चारच पिना, दोन आत, दोन बाहेर. मध्ये बसवला की वर असताना सगळं नीट चालतं, खाली केला की दोन्ही तारा तुटतात आणि दिवा कुठूनच लागत नाही. दुकानातच बझर लावा. इंटरमिजिएटमध्ये बटणाच्या एका बाजूला जोड्या सरळ वाजतात, दुसऱ्या बाजूला आडव्या. एका बाजूला काहीच वाजलं नाही तर डीपी आहे, परत करा.

जोडणीत दोन टोकांना टू-वे, मधल्या प्रत्येक जागी एक इंटरमिजिएट. टू-वेकडून आलेल्या दोन तारा एका जोडीत, पुढे जाणाऱ्या दोन दुसऱ्या जोडीत. कुठल्या दोन पिना एकत्र, ते स्विचच्या मागच्या आकृतीत बघा, कंपनीगणिक बदलतं.

पडवीवाला
चार जागा झाल्या की हा प्रकार सोडा. बेल पुश आणि इम्पल्स रिले, म्हणजे दर दाबाला चालूचं बंद, बंदचं चालू करणारा. रिले डीबीत, सगळे पुश समांतर, दोन तारा एका पुशवरून पुढच्या पुशवर. पाचवी जागा हवी, आणखी एक पुश टांगा. लाइट जाऊन आली तरी रिले होता त्याच बाजूला राहतो. फक्त निऑनवाले पुश मोजून लावा, जास्त झाले की त्यांचाच करंट कॉइलमधून वाहत राहतो आणि रिले गुणगुणतो.

जैतापूर जिना
वायफायचं मॉड्युल का नको? तार शून्य.

पडवीवाला
कारण टू-वेच्या वरच्या बोर्डात अनेकदा नेमका न्यूट्रल नसतो आणि मॉड्युलला तो लागतो. कारण वळवाच्या पहिल्या गडगडाटात कॉइलचा रिले टिकतो, मॉड्युल जातं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे किती दिवस लाइट नव्हती ते आठवा. अशा वेळी माडीवर जायला बॅटरीवरचा दिवा आणि यांत्रिक बटण बरं, ॲप नको.

हर्णैचा हिशोबी
झालं समाधान? दिव्याचा धागा बांगडा, गिझर, वादळ सगळं फिरून आला. थ्री फेजचा मुद्दा ठीक आहे, सिंगल फेजवाल्यांना तो लागू नाही. आरसीसीबीचा लागू आहे, नाइलाजाने मान्य. पण आमच्या गावाकडच्या घरांत फेज आणि दिव्याची तार दोन्ही खालच्याच बोर्डात असतात. तुमच्या शास्त्रासाठी आता वरून दिव्यापर्यंत तार परत आणायची का?

देवरुखचा टेस्टर
नको. बोर्ड ते बोर्ड तीन तारा. कॉमनला कॉमन, बाजूच्या पिना बाजूच्या पिनांना. खालच्या स्विचच्या एका बाजूच्या पिनला फेज, दुसऱ्या बाजूच्या पिनला दिव्याकडे जाणारी तार. दोन्ही स्विच विरुद्ध बाजूंना असले की दिवा लागतो, सारख्या बाजूला असले की विझतो. वरच्या बोर्डात न्यूट्रल लागत नाही, दिव्याला हात लावावा लागत नाही. दीड एमएमची वायर, 20 मिलिमीटरचा पाइप पुरतो, पण पाइपात जॉइंट एकही नको. जांभ्याच्या भिंतीत वाकणापाशी पाणी साचतं आणि जॉइंट तिथेच सडतो. पाइप अंगणाच्या भिंतीतून येत असेल तर बॉक्समध्ये वरून न आणता खालून आणा, म्हणजे पाणी स्विचवर गळत नाही. आणि मधल्या तिन्ही तारांना काळी किंवा हिरवी वापरू नका. पुढचा माणूस काळी बघून न्यूट्रल समजेल, तिला लिंकमध्ये नेऊन जोडेल, आणि फेज तिच्यावर येईल तेव्हा सरळ शॉर्ट.