‘असला औदुंबर’ : या ओळीतील ‘असला’ म्हणजे काय?

बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता दादरच्या आमच्या वाचनगटात नुकतीच वाचली, तेव्हा मराठीत एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने शेवटच्या ओळीविषयी प्रश्न विचारला. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’ या ओळीतील ‘असला’ हे विशेषण समजावे की क्रियापदाचा भाग? ‘असल्या गर्दीत चढू नकोस’, ‘असली भाषा घरात चालणार नाही’ अशा वाक्यांमुळे या शब्दाला नापसंतीची छटा चिकटलेली आहे आणि ती येथे शोभत नाही, म्हणून ‘बसला असला’ म्हणजे ‘बसलेला असावा’ असे घ्यावे, असे तिला वाटत होते. गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र ‘बसला’शी नाद जुळवण्यासाठी व मात्रा भरण्यासाठी घातलेला शब्द म्हणून तो बाजूला सारला. मला ही दोन्ही मते पटत नाहीत.

क्रियापदाची बाजू व्याकरणातच लंगडी पडते. ‘तो बसला असला तरी’, ‘तो बसला असला तर’ अशी रचना आपण करतो, परंतु ‘तरी’ किंवा ‘तर’ आल्याखेरीज ते वाक्य अधांतरी राहते. नुसता तर्क करायचा असेल तर मराठी माणूस ‘बसला असावा’ किंवा ‘बसला असेल’ म्हणतो. शिवाय छंदही या वाचनाला साथ देत नाही. ही रचना पद्मावर्तनी आहे : प्रत्येक ओळीत आठ मात्रांची तीन आवर्तने आणि शेवटी तीन मात्रांचा तुकडा, अशा २७ मात्रा होतात (‘वर’, ‘बर’ अशा लघू अक्षरांनी ओळ संपते तेव्हा शेवटचे अक्षर लांबवून म्हणायचे). त्याप्रमाणे शेवटची ओळ ‘पाय टाकुनी । जळात बसला । असला औदुं । बर’ अशी पडते. ‘बसला’ आणि ‘असला’ यांच्यामध्येच आवर्तनाची सीमा येते, आणि ‘असला’ हा औदुंबराच्या बाजूला जातो. मोठ्याने म्हणून पाहिल्यास हे कानाला लगेच जाणवते.

‘असला’ भरीचा का नाही, हे समजण्यासाठी आधीची ओळ पाहावी लागते : ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. येथे कवीने ‘पसरे’ न लिहिता ‘पसरी’ लिहिले आहे, आणि या एका स्वरावर बरेच काही अवलंबून आहे. काळिमा आपोआप पसरत असता तर ‘पसरे’ हे रूप आले असते. ‘करी’, ‘धरी’ यांसारख्या ‘पसरी’ला कोणीतरी कर्ता हवा. जळ झाकळणारा आणि लाटांवर काळिमा पसरणारा कोण, याचे उत्तर त्या ओळीत नाही. वाचक कर्त्याच्या शोधात पुढच्या ओळीत उतरतो, तेथेही त्याला आधी पाय, मग पाणी, मग बसणे एवढेच भेटते, आणि कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात तो कर्ता येतो. ‘असला’ या शब्दाने मागे सांगितलेले सारे त्या कर्त्याला बांधले जाते : पाणी झाकळून टाकणारा, गोड काळिमा पसरणारा, जळात पाय टाकून बसलेला, असा हा औदुंबर. ‘असला’चा मूळ अर्थ ‘अशा प्रकारचा’ एवढाच आहे. नापसंती संदर्भातून येते, आणि ‘असला गळा शंभरांत एखाद्याला लाभतो’ या वाक्यात त्याच शब्दाने आपण कौतुकही करतो.

छंदाचा विषय निघालाच आहे, तर या कवितेतील एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘ऐल तटावर । पैल तटावर’, ‘चार घरांचे । गाव चिमुकले’ अशा बहुतेक ओळींत पहिले आवर्तन पूर्ण शब्दावर थांबते. अपवाद दोनच आहेत : ‘पायवाट पां । ढरी तयांतुनि । अडवीतिडवी । पडे’ आणि ‘हिरव्या कुरणां । मधुनि चालली । काळ्या डोहा । कडे’. या दोन्ही ओळी त्या पायवाटेच्याच आहेत. गाव, झरा, शेते आपापल्या जागी स्थिर असतात तेव्हा शब्द आवर्तनात नीट बसतात, आणि वाट चालू लागली की शब्दही सीमा ओलांडून जातात. कवीने हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही, परंतु वाचताना त्याचा परिणाम होतो, आणि अर्थ व रचना वेगवेगळ्या तासिकांना शिकवल्या की विद्यार्थ्यांच्या हाती नेमके हेच लागत नाही.

‘काळिमा’विषयी थोडक्यात. वर्तमानपत्रांतील ‘नावाला काळिमा’मुळे हा शब्द आज कलंकाच्या अर्थी रूढ झाला आहे, येथे तो काळेपणा, गडद छाया या मूळ अर्थाने घ्यावा. तरीही ‘गोड’ हे विशेषण मनाला अडखळवते, आणि ते अडखळणे आवश्यक आहे, कारण हिरवा, निळासावळा, पांढरा असे रंग ओलांडत कविता काळ्या डोहाशी पोहोचते तेव्हा त्या काळोखाची भीती वाटत नाही, हे याच एका विशेषणाने कळते.

याच कारणासाठी या झाडात विरक्त योगी पाहणारा अर्थ मला अर्धाच पटतो. कवीने ‘उंबर’ न म्हणता ‘औदुंबर’ म्हटले, त्यामुळे दत्ताच्या स्थानाची आठवण अपरिहार्यपणे येते, हे खरे. परंतु योगी आसन घालून, पाय दुमडून बसतो; हा तर पाण्यात पाय टाकून बसला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात ओढ्याकाठचा उंबर पाहिला, तर काठाची माती धुपून उघडी पडलेली मुळे थेट वाहत्या पाण्यात उतरलेली दिसतात. ‘पाय टाकुनी’ हे कल्पनेआधी निरीक्षण आहे, आणि त्या बसण्यात विरक्तीपेक्षा निवांतपणाच अधिक आहे.