'केटलिंग'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : लंडनमध्ये १ एप्रिल २००९ रोजी, जी-२० परिषदेच्या आदल्या दिवशी, बँक ऑफ इंग्लंडच्या परिसरात भांडवलशाहीविरोधी निदर्शने झाली. त्यांवरील एका लेखाचा अनुवाद करताना 'केटलिंग' या शब्दापाशी अडलो आहे. पोलीस जमावाभोवती कडे करून त्याला तासन्‌तास एकाच जागी अडवून ठेवतात, ती ही क्रिया. 'घेराव' चालेल का?

प्रतिसाद : 'घेराव' चालणार नाही, कारण त्या शब्दात कोण मध्ये आणि कोण भोवती हे ठरलेले आहे. कामगार व्यवस्थापकाला घेराव घालतात, विद्यार्थी कुलगुरूंना घालतात. १९६० च्या दशकातील बंगालमधल्या कामगार लढ्यांनंतर तो याच अर्थाने इंग्रजी कोशांतही गेला. केटलिंगमध्ये सारे उलटे असते.

चहाची किटलीही विसरावी. हा शब्द जर्मन 'केसल'वरून, म्हणजे कढई किंवा हंडा यावरून, आला असे सामान्यतः मानले जाते. चहूबाजूंनी वेढल्या गेलेल्या सैन्याच्या स्थितीलाही जर्मन भाषेत हाच शब्द आहे. स्टालिनग्राडच्या संदर्भात तो हमखास येतो. ८ जून १९८६ रोजी हॅम्बर्गच्या पोलिसांनी आठशेहून अधिक निदर्शकांना उघड्या मैदानावर काहींच्या बाबतीत तेरा तासांपर्यंत रोखून धरले, तो प्रसंग 'हॅम्बुर्गर केसल' याच नावाने ओळखला जातो, आणि ती कारवाई न्यायालयाने पुढे बेकायदा ठरवली.

मला सर्वांत नेमका वाटतो तो आपला 'कोंडवाडा'. मोकाट गुरे आत घालायची आणि दंड भरल्याखेरीज सोडायची नाहीत. लंडनचे पोलीसही कड्यातून बाहेर पडू पाहणाऱ्यांकडून नाव-पत्ता मागत आणि त्यांचे चित्रीकरण करत. सुटकेची अट म्हणून असे करण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असा निकाल तेथील उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तरीही अनुवादकाने 'कोंडवाडा' निदर्शकाच्या तोंडीच घालावा, कारण माणसांची गुरे झाली ही त्याची तक्रार आहे, वार्ताहराची नोंद नव्हे. निवेदनात 'पोलिसांनी कोंडून ठेवले' पुरे.

'स्थानबद्ध केले' मात्र लिहू नये. २००१ च्या मे दिनी ऑक्सफर्ड सर्कस येथे लोकांना सुमारे सात तास अडवले गेले, त्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये बहुमताने सांगितले की हे स्वातंत्र्य हिरावणे ठरत नाही. निकाल पटो वा न पटो (मला पटलेला नाही), कायद्याची संज्ञा आपण परस्पर लावू नये.

आणखी एक प्रतिसाद : नामापेक्षा क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे. त्याच १ एप्रिलला इयन टॉमलिन्सन हा वृत्तपत्रविक्रेता घरी जाताना मरण पावला. तो निदर्शकही नव्हता. आरंभीच्या बातम्यांत तो 'कोसळला' होता, आणि त्याला मदत करणाऱ्या पोलिसांवर निदर्शकांनी बाटल्या फेकल्या होत्या. सहा दिवसांनी 'गार्डियन'ने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत एक पोलीस त्याला मागून दंडुका मारताना आणि ढकलून पाडताना दिसला. २०११ मध्ये मृत्युचौकशीच्या ज्यूरीने हा मृत्यू बेकायदा ठरवला. संबंधित पोलीस २०१२ मध्ये मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण नंतर बडतर्फ झाला. 'कोसळला' हे खोटे नव्हते, फक्त त्या क्रियापदाला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. आपल्याकडचे 'आंदोलनाला हिंसक वळण लागले' त्याच जातीचे, आणि 'सौम्य लाठीमार' लिहिणाऱ्याने तो सौम्यपणा कुणाच्या पाठीवर मोजला, हे मला अद्याप उमगलेले नाही.

प्रश्नकर्ता : निवेदनात 'कोंडून ठेवले' घेतो. मथळ्याला नाम हवे, तेथे 'पोलीस-कोंडी' कशी वाटते?

प्रतिसाद : त्यात पोलीसच कोंडीत सापडल्यासारखे वाचले जाईल. 'पोलिसी कोंडी' करावे.