जंगलातील सायकलवाटा: सोपी, मध्यम, अवघड ही श्रेणी कशी ठरवावी?

प्रश्न: पायथ्याचे गाव

नमस्कार मंडळी. मी परतवाड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात शिक्षक आहे. दोन वर्षांपासून दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची पंधरा-वीस मुले-मुली माझ्यासोबत सायकलीने गावामागच्या रानात येतात. दोघा-तिघांकडे गिअरच्या, जाड टायरच्या सायकली आहेत, तर बऱ्याच मुलींकडे मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या साध्या सायकली आहेत. गावातले पाच-सहा तरुणही येतात आणि त्यांना अवघड उतारांचीच ओढ असते.

आजवर मी वाटांची विभागणी अंतरावरून करत आलो. चार किलोमीटरची वाट नवख्यांची आणि दहाची सरावलेल्यांची, असा माझा हिशेब होता. मागच्या डिसेंबरात तो चुकला. नाल्याकडे उतरणारी जेमतेम तीन किलोमीटरची वाट मी सोपी समजून नववीच्या मुलांना दिली, कारण त्या वाटेने गावातली म्हातारी माणसेसुद्धा रोज येतात-जातात. शेवटच्या वळणावर मुरूम सैल झालेला होता आणि त्यात पाण्याने पाडलेली वीतभर खोल चरी होती. एका मुलाचे पुढचे चाक तिच्यात अडकले, तो खांद्यावर पडला आणि हसळीचे हाड मोडले. तो आता बरा आहे. परंतु त्याच्या आईने मला विचारले, "सर, ही वाट सोपी आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं जी?" आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून जाणकारांना विचारतो, की वाटेची श्रेणी ठरवण्याची काही मोजून पाहता येणारी रीत आहे काय, आपल्याकडच्या ऋतूंप्रमाणे ती बदलावी लागते काय, आणि जंगलात मुलांना नेताना परवानगी कोणाची घ्यावी?

उत्तर: घाटवाटा, चिखलदरा

सर, आपण अंतरावरून श्रेणी लावली, तशी आम्हीही सुरुवातीला लावत होतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाची निकड मला समजते. अंतर पायांना थकवते, पण पाडत नाही. पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात आणि त्या मोजता येतात.

इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था १९८८ साली अमेरिकेत स्थापन झाली. बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या (स्कीइंगच्या) मैदानांत वापरली जाणारी चिन्हे घेऊन तिने सायकलवाटांसाठी श्रेणी ठरवल्या. त्यात हिरवे वर्तुळ सोप्या वाटेचे, निळा चौकोन मध्यम वाटेचा आणि काळा हिरा अवघड वाटेचा आहे. प्रत्येक श्रेणीसाठी वाटेची रुंदी, सरासरी चढ, सर्वांत तीव्र चढ, पृष्ठभाग आणि टाळता न येणारा अडथळा पाहिला जातो. हिरव्या वाटेची रुंदी सुमारे ३६ इंच, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, कोणत्याही एका जागी १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि वाटेत आडवा येणारा दगड किंवा मूळ २ इंचांपेक्षा उंच नाही. निळ्या वाटेला रुंदी २४ इंच, सरासरी चढ १० टक्क्यांपर्यंत आणि अडथळा ८ इंचांपर्यंत चालतो. काळ्या वाटेवर रुंदी १२ इंच, सरासरी १५ टक्के आणि अडथळा १५ इंचांपर्यंत जातो. पाच टक्के म्हणजे शंभर मीटर चालीत पाच मीटर चढ, इतका साधा हिशेब आहे.

यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा शब्द "टाळता न येणारा" हा आहे. दहा फूट रुंद गाडरस्त्याच्या मधोमध हातभर दगड असला तरी नवखा मुलगा बाजूने निघून जातो. दीड फुटाच्या गुरवाटेत चार इंचांचे मूळ असले तर त्याला त्यावरूनच जावे लागते. म्हणून वाट पाहायला जाताना सायकल घेऊन जाऊ नका, पायी जा, आणि जिथे बाजूने जायला जागा नाही अशी प्रत्येक जागा वहीत लिहा. संपूर्ण वाटेची श्रेणी तिच्यातल्या सर्वांत अवघड जागेवरून लावा. तीन किलोमीटरपैकी पावणेतीन किलोमीटर अंगणासारखे सपाट असले, तरी उरलेल्या पावात चरी असेल तर ती वाट सोपी नव्हे.

आता म्हाताऱ्या माणसांची गोष्ट. पायवाट ही पायांनी पाडलेली असते. चालणारा माणूस जवळचा रस्ता धरतो, म्हणजे सरळ उताराच्या दिशेने खाली येतो, आणि पावसाचे पाणीही तोच रस्ता धरते. काही वर्षांत पायवाटेचा ओहळ होतो. माणूस चरीवरून पाय उचलून टाकतो. चाकाला तसे करता येत नाही, ते चरीत शिरले की वळतच नाही. म्हणून चालणाऱ्याची सोपी वाट ही सायकलीची सोपी वाट असेलच असे नाही. सायकलीसाठी चांगली वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते आणि तिचा चढ त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसतो, म्हणजे डोंगर शंभर फुटांना चाळीस फूट उतरत असेल तर वाट वीस फुटांच्या आत ठेवावी. तसे केले की पाणी वाट ओलांडून खाली जाते, वाटेवरून वाहत नाही.

हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. आपल्या भागात सलग समतल चर खोदताना गावोगावच्या तरुणांनी हायड्रोमार्कर वापरला आहे, आपल्या गावातही कोणाकडे तरी पडलेला असेल. दोन काठ्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी आणि नळीतले पाणी. ज्या पोरांनी पाणी अडवण्यासाठी समतल रेषा आखल्या, त्यांना सायकलवाटेचा चढ मोजणे मुळीच कठीण नाही. (खोदलेल्या चरांच्या बांधावरून मात्र सायकल घालू देऊ नका, बांध बसतात.)

नवख्यांसाठी पांदण रस्ते आणि मुरुमाचे गाडरस्ते उत्तम आहेत. मध्यम श्रेणीत नाला ओलांडणारे, चढ-उताराचे गाडरस्ते ठेवा. दगडाच्या पायऱ्या असलेल्या एकपदी गुरवाटा तरुणांनाच द्या, आणि त्याही चढून पाहिल्यावर. जी वाट आपण पायी चढून पाहिली नाही ती सायकलीने उतरायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ अपघात टळतात. परतवाड्याची उंची सुमारे ३७० मीटर आणि चिखलदऱ्याची सुमारे १,१०० मीटर आहे. सातशे मीटरहून अधिक असा हा चढ घाटात छातीला कळतो आणि उतार ब्रेकला, म्हणून मुलांना डांबरी घाटसुद्धा सोपा समजून देऊ नये.

उत्तर: निवृत्त वनरक्षक

सर, परवानगीचे आधी सांगतो. मेळघाट हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ आणि २८ प्रमाणे परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि सायकल आहे म्हणून त्यात सूट नाही. हद्दीबाहेरचे जंगल प्रादेशिक विभागाकडे असले तरी राखीव वनात नवी वाट पाडणे, झाडावर रंग लावणे किंवा फलक ठोकणे यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी संमती हवी. पायविहीर या गावाप्रमाणे आपल्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर ग्रामसभेसमोर विषय ठेवणे आवश्यक आहे. शाळेची मुले असल्याने बीटाच्या वनरक्षकाला प्रत्येक वेळी आगाऊ कळवा. कोणत्या नाल्यावर काल पगमार्क दिसले हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

ऋतूंविषयी माझा अनुभव असा, की आपल्याकडे एकच वाट वर्षातून चार वेळा श्रेणी बदलते. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण, जी हिवाळ्यात सर्वांत सोपी, ती सायकलीसाठी बंदच समजावी, कारण माती टायर आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचे थांबते. आश्विन-कार्तिकात कमरेएवढ्या गवतामुळे चऱ्या दिसत नाहीत. मार्गशीर्ष-पौषात वाट जशी आहे तशी दिसते. माघ-फाल्गुनात सागाची पाने गळतात, आणि थाळीएवढी वाळलेली पाने दगडांवर अंथरली गेली की हिरवी वाट निळी होते.

त्यानंतर मोह येतो. पहाटे मोहफुले वेचायला माणसे येतात आणि अस्वलही येते. खाण्यात गुंतलेल्या अस्वलाला समोरचे लवकर कळत नाही, आणि सायकल आवाज न करता वेगाने जवळ पोहोचते. मोठ्या आवाजाची घंटी लावा, वळणावर ती सतत वाजवा, आणि मोहाच्या दिवसांत उजाडल्यावरच निघा. मे महिन्यात तेंदूपत्त्याची माणसे आणि ऊन या दोन्ही कारणांनी मुलांना नेऊच नये. आणखी एक विनंती करतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली, तर सायकलवाल्याने उतरून वाटेबाहेर उभे राहावे. ती वाट आधी तिची आहे.

उत्तर: सायकल दुरुस्ती, परतवाडा

सर, माझे म्हणणे थोडक्यात. वाटेची श्रेणी लावाल तशी सायकलीचीही लावा. सळईच्या ब्रेकची जुनी सायकल किंवा घासून गुळगुळीत झालेल्या रबराची सायकल उतारावर नेऊच नये, चालवणारा कितीही तरबेज असो. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते प्रत्येक मुलाला स्वतः दाबून पाहायला लावा. मुरुमावर तो एकदम दाबला की चाक निसटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून वेग कमी करावा आणि वळणात सोडावे. उतारावर सीट चार बोटे खाली करावी, पॅडल समांतर ठेवून उभे राहावे आणि वजन मागे न्यावे. हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा, पण दगडावर रिम आदळेल इतकी कमी नको, नाहीतर ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. बाभळीचा काटा निघाला तरी त्याचे टोक टायरमध्ये राहते, म्हणून नवी ट्यूब टाकण्यापूर्वी टायर आतून बोटांनी चाचपून पाहा.

उत्तर: रामटेककडचा

वनरक्षक भाऊंच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण आमच्याकडे यात गोंधळ झाला होता. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. झाडे विरळ असल्याने आम्ही तिथे फावडे घेऊन वाट आखायला निघालो होतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वनजमिनीच मानाव्यात असा निर्णय दिला आहे. तेव्हा नागपूर विभागातील कोणी हे वाचत असेल, तर आधी सातबारा पाहावा आणि मग फावडे उचलावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: पायथ्याचे गाव

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही हायड्रोमार्कर घेऊन तीच नाल्याची वाट पायी मोजली. नळीचे दुसरे टोक ज्या मुलाची हसळी मोडली होती त्यानेच धरले. शेवटच्या चाळीस मीटरमध्ये वाट सात मीटर उतरते, म्हणजे साडेसतरा टक्के, आणि चरीच्या दोन्ही बाजूंना मिळून दीड फूटसुद्धा जागा नाही. वहीत ती वाट आता अवघड या रकान्यात गेली आहे. नवख्यांसाठी गावाच्या पूर्वेची पांदण धरली असून ती पोळ्यापर्यंत बंद राहील आणि त्यानंतर माती वाळल्याची खात्री करून उघडेल. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज सोमवारी देत आहे. त्यात बीटाच्या वनरक्षकांना एका रविवारी आमच्यासोबत चालण्याची विनंतीही केली आहे.

चिखलदऱ्याच्या भाऊंना एक विचारायचे राहिले. सरळ उतारावरची ही पायवाट गावाला रोज लागते, ती तशीच राहील. ग्रामसभा आणि वनविभागाची संमती मिळाली, तर तिच्या बाजूने डोंगराच्या कुशीतून सायकलीसाठी वेगळी आडवी वाट आखताना पाणी उतरवण्यासाठी तिला मध्ये-मध्ये खोलगट वळसा किती अंतरावर द्यावा? तिथे मुरूम आहे, खाली पक्का दगड आहे, आणि पावसात वरून बराच लोंढा येतो.