बोनेअर: पाणी उबदार, तरी वेटसूट हवाच

‘पाणी २८ अंशांचं असतं, मग टी-शर्ट-चड्डीवर डाइव्ह करायला काय हरकत आहे?’ असं बोनेअर या कॅरिबियन बेटावरच्या स्कूबा डायव्हिंगबद्दल कुणीतरी विचारलंय. पहिल्या डाइव्हपुरतं ठीक आहे. पण बोनेअरला बोटीची वाट बघावी लागत नाही. पिकअपच्या हौद्यात सिलिंडर टाकायचे, रस्त्याकडेला साइटचं नाव रंगवलेला पिवळा दगड दिसला की थांबायचं आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. त्यामुळे दिवसाला तीन-चार डाइव्ह सहज होतात. हवेपेक्षा पाणी वीसेक पटींनी जास्त वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. तिसऱ्या डाइव्हला माझे दात वाजायला लागतात, आणि कुडकुडताना सिलिंडरमधली हवाही भराभर संपते. ३ मिलिमीटर जाडीचा, पूर्ण बाह्यांचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) पुरेसा आहे.

दुसरं कारण थंडीचं नाहीच, फायर कोरल नावाच्या समुद्री जीवाचं आहे. मोहरीच्या रंगाचं, कडेला पांढुरकं, दिसायला अगदी निरुपद्रवी. हे खऱ्या प्रवाळापेक्षा जेलीफिशच्या जवळचं. उघडी पोटरी नुसती घासली तरी आग आग होते आणि लालभडक चट्टे उठतात. हातमोजे घालू म्हणाल, तर १९७९ पासूनच्या तिथल्या मरीन पार्कात त्यांना बंदी आहे, कारण हातमोजे असले की लोक बिनधास्त प्रवाळाला धरतात (नियम मला पटतो). तेव्हा सूट चढवा, हात छातीशी घ्या आणि पहिल्या सक्तीच्या चेक डाइव्हलाच (तपासणीच्या डाइव्हला) पाण्याखाली राहण्यासाठी अंगावर बांधायची वजनं नीट जुळवून घ्या.